पांढऱ्या गाडीवरचे तांबूस ठिपके: भुसावळच्या भाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुम्ही म्हणता हे ठिपके म्हणजे कंपनीचा पत्राच सडतोय, आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव) हा पैसे काढायचा धंदा आहे आणि रबिंग कंपाउंड (रंग घासून चकचकीत करायची पेस्ट) घासलं की काम होतं. नव्या गाडीवर गंज दिसला की जीव जळतो, राग बरोबरच आहे. पण कंपाउंडचं मला अजिबात पटत नाही.

आधी बंपर बघा. तो प्लास्टिकचा, त्याला गंज चढतच नाही, तरी तिथंही तेच ठिपके असतील तर लोखंड बाहेरून येऊन बसलंय. गाडी रेल्वे यार्डाच्या भिंतीला लागून उभी असते हे तुम्हीच लिहिलंय ना, मग झालं, चाकं, रूळ, ब्रेक घासून लोखंडाचे बारीक गरम कण उडतात, क्लिअरकोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुततात आणि ओल लागली की गंजतात. धुतलेल्या बॉनेटवर पातळ कॅरीबॅगमध्ये हात घालून फिरवा, खरखर लगेच कळेल. हां, ठिपके फक्त पत्र्यावर असतील आणि रंग फुगला असेल तर तुमचं खरं, मग पेंटरच गाठा.

कंपाउंडनं कणाचा वरचा भाग घासला जातो, बाकीचा आतच राहतो आणि ठिपका परत येतो. वर दरवेळी क्लिअरकोट झिजतो, तो असतोच साधारण ४०-५० मायक्रॉन, गेला की गेला. रिमूव्हर त्या लोखंडालाच विरघळवतो, जांभळे ओघळ येतात, वास घाण येतो, हातमोजे घाला. कुठल्याही कंपनीचा घ्या, मला त्यात एक रुपया मिळत नाही. फक्त आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तापलेल्या पत्र्यावर ते सुकलं तर नवेच डाग पडतील, म्हणून सकाळी लवकर, सावलीत, बाटलीवर लिहिलंय तेवढीच मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. तरी खरखर उरली तर शाम्पूच्या पाण्यात क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) हलक्या हातानं फिरवा, खाली पडला तर तो तुकडा फेकून द्या, माती चिकटून ओरखडे पडतात. नंतर वॅक्स लावाच.

रॉकेलनं डांबराचे काळे ठिपके निघतात, लोखंडाचे नाही. आणि काचेवरचे पांढरे गोल डाग वेगळे, ते बोअरच्या पाण्यातले क्षार, ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून पुसा, लगेच धुवा, आणि पुढच्या वेळी गाडी उन्हात आपोआप सुकू देऊ नका, कपड्यानं कोरडी करा.