आया सोफियाचा घुमट ‘पंधराशे वर्षे अभंग’ नाही

‘आया सोफियाचा घुमट इ.स. 537पासून जसाच्या तसा उभा आहे, भूकंपात साधा तडाही गेला नाही आणि ते चर्च फक्त सम्राटासाठी होते,’ असा मजकूर सध्या फिरतोय. इस्तंबूलच्या या बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातल्या) वास्तूबद्दलचे यातले एकही विधान खरे नाही.

‘जसाच्या तसा’? मूळचा घुमट 7 मे 558 रोजी कोसळला. धाकटा इसिडोरस या वास्तुविशारदाने तो सुमारे 6 मीटर जास्त उंच बांधला. 989च्या भूकंपात पश्चिमेकडचा भाग पडला, तो आर्मेनियाचा वास्तुविशारद त्रदात याने उभा केला. 1346 मध्ये पूर्वेकडचा ढासळला. घुमटाच्या 40 फासळ्यांपैकी (आतल्या उभ्या पट्ट्यांपैकी) सहाव्या शतकातल्या आता उत्तर-दक्षिण बाजूंनाच उरल्या आहेत.

‘तडाही नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी बांधकाम बघावे. फेब्रुवारी 532 ते डिसेंबर 537, म्हणजे सहा वर्षांच्या आत एवढे काम उरकले. विटांमधले सांधे विटेइतकेच जाड, आणि त्यात चुना-सुरखी (चुना आणि विटांचा चुरा). हा माल फार सावकाश घट्ट होतो. तो ओला असतानाच वर भार चढत गेला, खांब बाहेरच्या बाजूला कलले आणि कमानींच्या दोन टोकांमधले अंतर रुंदावले. त्यावर बसवलेला सुमारे 31 मीटर व्यासाचा घुमट बसका होता, आणि घुमट जितका बसका तितका त्याचा आडवा रेटा जास्त. डिसेंबर 557च्या भूकंपाने तो खिळखिळा झाला, पुढच्या मे महिन्यात पडला. इसिडोरसने उंची वाढवली ती हा रेटा कमी करण्यासाठीच. शोभेचा त्यात संबंध नाही. बाहेरचे अवजड धिरेही (भिंतींना टेकू देणारी बांधकामे) बहुतेक नंतरचे. 1847-49च्या दुरुस्तीत फोस्साती बंधू या वास्तुविशारदांनी घुमटाच्या बुडाला लोखंडी साखळीही आवळली. त्या त्या काळच्या गवंड्यांनी सावरला म्हणून घुमट आज दिसतो. त्यांचे श्रेय पुसून टाकणे बरे नव्हे.

‘फक्त सम्राटासाठी’ हा तर अन्यायच. हे शहराचे मुख्य चर्च होते. त्याच्या आणि जोडीच्या तीन चर्चच्या सेवेकऱ्यांवर 535च्या कायद्याने मर्यादा घातली: 60 पाद्री, 100 डीकन (पाद्र्यांचे मदतनीस), 40 स्त्री-डीकन, 90 उपडीकन, 110 वाचक, 25 गायक, शिवाय 100 द्वारपाल. एका राजघराण्याला एवढे लोक कशाला लागतील? शहरातल्या 1,100 दुकानांना करमाफी होती, आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून मिळणाऱ्या माणसांवर व पैशावर हे चर्च नगरवासीयांचे अंत्यविधी चालवत असे. 537च्या कायद्यानुसार तिरडी फुकट, पुढे गात चालणाऱ्या किमान 8 जोगिणी (ख्रिस्ती संन्यासिनी) आणि 3 सेवक. याहून जास्त थाट हवा असेल, तर त्याचे दरही कायद्यातच ठरलेले होते.