चोचला म्हणालात, म्हणून सविस्तर लिहिते

दादा,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून दादाच म्हणते. प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगते. चित्रं काढणारा माझा हात दोन वर्षांपूर्वी थांबला, त्यावर मी लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही म्हणालात, बर्नआउट, म्हणजे सततच्या कामानं आतून पार विझून जाणं, हा पोट भरलेल्यांचा चोचला आहे. वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या भट्टीपुढं तीस वर्षं काढली, त्यांना असलं काही झालं नाही. आणि शेवटी, तुमची धाकटी बहीण लग्नाचे फोटो काढते, तिनं माझा लेख वाचून एक ऑर्डर नाकारली. ‘तिच्या कॅमेऱ्याचा हप्ता तुम्ही भरणार का?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. ‘महिनाभर काम बंद ठेवा’ असं मी सरसकट लिहिलं. मला काम थांबवणं परवडलं, कारण घरात नवऱ्याचा पगार येत होता आणि घरभाडं नव्हतं. हे त्याच परिच्छेदात सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. आज तो परिच्छेद बदलला आहे. तुमच्या बहिणीचं नुकसान झालं असेल तर मला मनापासून वाईट वाटतं.

चोचला हा शब्द मात्र मी मान्य करणार नाही. बर्नआउट हा शब्द मानसशास्त्रात रुजवला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, 1974 च्या एका लेखात. ते न्यूयॉर्कमध्ये गरिबांसाठी आणि व्यसनात अडकलेल्या पोरांसाठी चालणाऱ्या मोफत दवाखान्यात काम करायचे. दिवसा स्वतःचा व्यवसाय, संध्याकाळी तिथं सेवा. सोबतच्या लोकांमध्ये आणि स्वतःमध्येही त्यांनी ही अवस्था पाहिली. म्हणजे हा शब्द पुढं आला तो ऐशआरामातून नाही, पदरमोड करून राबणाऱ्यांमधून. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये त्याची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलं. खुणा तीन सांगितल्या: अंगातली ताकद संपणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि हातून नीट काम होईनासं होणं. साधा थकवा झोपेनं जातो. या खुणा नुसत्या झोपेनं जात नाहीत.

तुमच्या वडिलांनी सोसलं त्याची माझ्या खुर्चीशी बरोबरी मी करत नाही. ती धग मला सोसली नसती. पण कामाची पाळी संपली की भट्टी त्यांच्यामागं घरी येत नव्हती. रात्री अकराला कुणी दार वाजवून ‘तो साचा परत एकदा करून द्या’ म्हणत नव्हतं. पगाराची तारीख ठरलेली होती. माझ्या कामात पाळी संपली हे सांगणारं कुणी नाही. मालकीण मीच, कामगार मीच, वसुलीला जाणारीही मीच. आणि वडिलांना काहीच झालं नाही, असं तरी आपण कशावरून म्हणायचं? त्या पिढीला कुणी बसवून विचारलं होतं का?

माझं काम म्हणजे वेष्टनांची चित्रं आणि लेबलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुऱ्हाळं सुरू झाली की गुळाच्या बॉक्सची घाई. फेब्रुवारीपासून मे पर्यंत चटणी-मसाल्याची पाकिटं. जूनच्या आधी शाळांच्या वह्या-पुस्तकांची चित्रं, मग गणपती, मग दिवाळी. बारा महिन्यांत मोकळा महिना नाही, आणि ‘काम मिळतंय तोवर करून घ्यावं’ हेच घरातही सगळे सांगायचे. त्या नोव्हेंबरात एका गूळवाल्याच्या लेबलावर उसाची एक कांडी काढायची होती. ऊस बघतच मी मोठी झाले. चार तास बसले, रेघ उमटली नाही. फोन वाजला की छातीत धडधडायचं.

मी तीन आठवडे थांबले, झोपले, आणि बरं वाटतंय म्हणून परत त्याच कामावर, त्याच अटींवर, त्याच गिऱ्हाइकांकडे गेले. जानेवारीत पुन्हा तिथंच येऊन पडले, आधीपेक्षा वाईट. त्याच सुमाराला गावी मामांच्या रानात बसले होते. ते म्हणाले, लागणीचा ऊस तुटला, त्याच बुडख्यांतून फुटलेला दुसरा ऊस म्हणजे खोडवा घेतला, खोडव्यावर तिसरा म्हणजे निडवा घेतला, आणि मातीची भर लावली नाही, खत घातलं नाही, तर उतारा घटणारच, त्यात उसाचा काय दोष? रानाला नुसतं पडून ठेवलं आणि पुन्हा तीच लूट केली तरी तेच होणार. मी केलं होतं ते अगदी हेच.

म्हणून दुसऱ्या वेळी सुट्टीपेक्षा कामाच्या रीतीकडे बघितलं. आधी मात्र डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं तर बी-12 आणि हिमोग्लोबिन दोन्ही खूप कमी. नुसतं मनाचं म्हणून बसले असते तर ते कधी कळलंच नसतं. डॉक्टरांनीच समुपदेशकांकडे पाठवलं. कामातच नव्हे, इतर कशातही गोडी वाटत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर तो नुसता बर्नआउट नाही, त्यासाठी त्याच दिवशी बोलायला हवं. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

मग पैशाकडे वळले. वही घेऊन लिहून काढलं तेव्हा दिसलं की मला चित्रांनी दमवलंच नव्हतं. दमवलं होतं अडकलेल्या पैशांनी आणि फुकटच्या दुरुस्त्यांनी. माझी निम्म्याहून जास्त मिळकत एकाच गिऱ्हाइकाकडून यायची आणि ते पाच-पाच महिने बिल ठेवून घ्यायचे. ते कधी हातचं जाईल या भीतीनं मी रात्री बाराला फोन उचलायची. शाहू महाराजांनी आबालाल रहिमान यांना दरबारी चित्रकार म्हणून आसरा दिला, हे आपण कोल्हापुरात अभिमानानं सांगतो. तो आसरा आज कुठल्या दरबारातून येणार नाही. आपल्याला तो आगाऊ रकमेतूनच उभा करावा लागतो. निम्मे पैसे हातात आल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही, दोन दुरुस्त्या दरात, तिसरीचे वेगळे, आणि शेवटची फाइल बाकी जमा झाल्यावर. कामाचा नंबर वेगळा केला, तो संध्याकाळी सातला बंद. तेव्हाच्या अकरा गिऱ्हाइकांपैकी तीन गेली, त्यात ते मोठंही गेलं. चार महिने मिळकत निम्म्याहूनही कमी झाली. ते चार महिने सोपे नव्हते. पण उरलेली आठ जणं आजही आहेत, आणि त्यातल्या एकानंही आगाऊ द्यायला नाही म्हटलं नाही.

छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणीही करून घेतली, ती मोफत आहे आणि सेवा देणाऱ्यांनाही मिळते. 2006 च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्यानुसार अशा नोंदणी असलेल्याचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. त्या मुदतीत दिलं नाही तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च गिऱ्हाइकाला आयकरात वजा धरता येत नाही, असा नियम 2024 पासून लागू आहे. कुणाशी भांडण न करता बिलाखाली नोंदणी क्रमांक छापला, एवढ्यानंही फरक पडला.

हात परत यायला आठेक महिने लागले. सुरुवात रंकाळा तळ्यावरच्या पहाटेच्या फेरीनं झाली, नंतर पंचगंगेच्या घाटावर वही घेऊन बसायला लागले. दीपमाळा, पायऱ्या, म्हशी धुणारी माणसं. ती वही कुणाला दाखवली नाही, कुठं टाकली नाही. विकायचं नसलेलं चित्र काढणं मी बारा वर्षांत विसरून गेले होते.

आता बहिणीबद्दल. तिनं ऑर्डर नाकारली त्याचं कारण माझा लेखच असेल, असं मला वाटत नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त लागले की एकेका लग्नाचे तीन-चार हजार फोटो, ते निवडायचे, रंग नीट करायचे, अल्बम लावायचा, आणि तोवर दुसरा मुहूर्त. अल्बम झाल्यावर देतो म्हणून पैसे अडकलेले. तिला ऑर्डर सोडायला मी सांगत नाही. तिच्यासोबत बसून मागच्या हंगामातल्या जागलेल्या रात्री आणि अजून न आलेले पैसे एवढं लिहून काढा. बुकिंगला काही रक्कम, लग्नाच्या आदल्या दिवशी मोठा हिस्सा, फोटो निवडायला गिऱ्हाइकाला तीस दिवस, अल्बममध्ये बदल दोनदा, हे एका कागदावर छापून दिलं तरी पुष्कळ होईल. थोरला भाऊ म्हणून वसुलीचे फोन तुम्ही केलेत तर अजून बरं. तुमचा आवाज ऐकून माणसं लवकर देतील.

आणि तिला एकदा रक्त तपासायला घेऊन जा, याच आठवड्यात.