यंदा सोलांचे काही खरे नाही

गोव्यात मे महिना हा पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा महिना असतो. तांदूळ, मीठ, सुके बांगडे, मिरच्या, चिंच आणि सोले, म्हणजे आमसुले, हे सारे जूनच्या पहिल्या सरीआधी घरात यायचे, अशी रीत आमच्या पणज्यांनी घालून दिली, आणि त्यांच्या काळच्या पावसाने ती बरीचशी पाळली. हल्लीच्या पावसाला मात्र कोणी रीतभात शिकवलेली दिसत नाही. २०२५ साली तो १ जूनची वाट न पाहता २४ मे रोजीच केरळात दाखल झाला. २००९ नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. आमच्याकडे तर त्याच्याही आधी अवकाळीने अंगणे धुऊन काढली, आणि नेमक्या त्याच अंगणांत भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, वाळत होती.

ज्यांनी सोले केवळ पाकिटात पाहिली आहेत, त्यांना या प्रकरणाचे गांभीर्य कळणार नाही. भिरंड फोडून साल वेगळी काढायची, आतल्या बियांना व गराला मीठ लावून आगळ, म्हणजे खारट-आंबट रस, सुटू द्यायचे, त्या रसात साली भिजवून उन्हात घालायच्या, वाळल्या की पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या, आणि साल काळपट होईपर्यंत हे चालू ठेवायचे. या साऱ्याला कडक ऊन लागते. मध्येच पाऊस आला तर बुरशी धरते, आणि झाडावरची फळे खाली पडून कुजतात, ते निराळेच. आमच्या साली प्रथम ओसरीत आल्या, मग दिवाणखान्यात, आणि शेवटी पंख्याखाली माझ्या पलंगावर. मी सोफ्यावर झोपू लागलो. चादरीवरचे लाल डाग पाहून धोब्याने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले, तिचा खुलासा मी आजतागायत केलेला नाही.

इतके करूनही सोले काही झाली नाहीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विचारले, तर नेहमीच्या बाईने मान न वळवता सांगितले, “औंदूं सोलां नात, पात्रांव!” म्हणजे यंदा सोले नाहीत, मालक. मिठाचीही रडच होती, कारण मिठागरातले खारे पाणी आटत असतानाच वरून गोडे पाणी पडले, तर पिकलेले मीठ विरघळून जाते.

कॅलिफोर्नियातल्या भाच्याने फोनवर माझे सांत्वन केले. २०२२ मध्ये मेक्सिकोतल्या दुष्काळाने लाल मिरची गेली आणि तिकडचा प्रसिद्ध श्रीराचा सॉस दुकानांतून नाहीसा झाला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये दिजों नावाच्या मोहरीच्या चटणीची टंचाई झाली, कारण तिच्यासाठी लागणारी बहुतेक मोहरी कॅनडातून येते आणि तिथले पीक आदल्या वर्षीच्या उष्णतेने करपले होते. “तेव्हा मामा, तुम्ही एकटे नाही,” असे तो म्हणाला. मला त्याचे बोलणे पटले, पण समाधान झाले नाही. श्रीराचावाचून नूडल्स घशाखाली उतरतात; बांगड्याच्या हुमणात, म्हणजे कालवणात, सोले नसतील, तर आमच्या घरात जेवणाऐवजी चर्चा होते.

बदली आंबट शोधण्याचे प्रयोग झाले. हुमणात चिंच चालते, बिंबले ही आंबट फळेही चालतात, आणि कैरीची आंबोशी तर माशाला शोभते, हे मी खुल्या मनाने मान्य करतो. परंतु सोलकढीला पर्याय नाही. एका प्रतिष्ठित यजमानांच्या घरी मला गुलाबी सोलकढी वाढण्यात आली, जिचा रंग निःसंशय बिटाचा होता. मी ती शिष्टाचार म्हणून प्यालो आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोललो नाही.

शेवटी सांगे इथल्या आत्याकडे जुन्या सोलांची बरणी असल्याची खबर लागली. सोले जुनी झाली तरी टिकतात, आणि आत्याची स्मरणशक्ती त्याहून अधिक टिकते. ती दर भेटीला मूठभर सोले देते, मात्र मी स्वतः जाऊन वडिलोपार्जित मिळकतीच्या इन्व्हेंटारीच्या, म्हणजे वाटणीच्या, खटल्याची हकिकत पहिल्यापासून ऐकायची, अशी अट आहे. मूठ भेटीगणिक लहान होत चालली आहे आणि हकिकत लांबत चालली आहे. न्यायालयाने पुढची तारीख सप्टेंबरातली दिली आहे. बरणी ऑगस्टच्या पुढे जाईल, असे मात्र दिसत नाही.