गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

बायकोला घर आवडलं. घराला चाकं होती, एवढीच काय ती अडचण.

ह्यूस्टनच्या एका प्रदर्शनात हे घडलं. मी निवृत्त झालो की अमेरिका बघत हिंडायचं, असं आमचं वीस वर्षांपासून ठरलेलं आहे. म्हणजे हिने ठरवलंय आणि मी हो म्हणत आलोय. त्या घरात, म्हणजे पिकअप ट्रकने ओढायच्या ट्रेलरमध्ये, मधोमध सुटा ओटा होता, तीन शेगड्या होत्या आणि चक्क विजेवर चालणारी शेकोटी होती. बाहेर टेक्सासचा ऑगस्ट. आम्ही दोघं घाम पुसत शेकोटीसमोर उभे. ही म्हणाली, "हाच." लग्नाच्या वेळी मला बघून हिने नुसतं "बघू" म्हटलं होतं.

हा ट्रेलर फिफ्थ व्हील जातीचा. साधा ट्रेलर ट्रकच्या शेपटाशी, मागच्या गोळ्याला अडकतो. हा ट्रकच्या पाठीवरच बसतो. त्याच्या उंच नाकाखाली दोन इंच जाडीचा पोलादी खुंटा लोंबत असतो, त्याला किंगपिन म्हणतात. ट्रकच्या हौद्यात मागच्या आसावर एक जबडा बसवायचा, त्याला म्हणायचं हिच. खुंटा जबड्यात गेला की जमलं. फिफ्थ व्हील हे नाव घोडागाडीच्या काळातलं. पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं चाक बसवायचे, चार उभ्या चाकांनंतरचं पाचवं.

"माझा ट्रक ओढेल का हा?" मी विक्रेत्याला विचारलं. त्याने ट्रकचं नावही पुरतं ऐकून घेतलं नाही. "ऑल डे लाँग, बडी!" मग पत्रकावर बोट ठेवून दाखवलं. माझा ट्रक ओढतो 11,200 पौंड, ट्रेलर रिकामा 7,850 पौंड. आणखी काय पाहिजे? लग्न जुळवणारे मध्यस्थही असेच. मुलाचा पगार आकड्यात सांगतात, कर्जाचा विषय निघाला की चहा मागवतात.

ओढण्याचा आकडा खोटा नसतो, हे कबूल करायला हवं. जे 2807 नावाच्या नियमाप्रमाणे ट्रकला ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर सुमारे 11 मैल, एसी पूर्ण चालू ठेवून, ओझ्यासकट चढवतात. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी 150 पौंडांची. म्हणजे 68 किलो. मी 68 किलोचा होतो तेव्हा माझ्याकडे सायकल होती.

मंडळातले एक गृहस्थ तीन वर्षं असा ट्रेलर घेऊन फिरतात. गणपतीच्या आरतीनंतर त्यांच्याकडे विषय काढला. ते प्रसादाची वाटी घेऊन थेट पार्किंगमध्ये आले. म्हणाले, "दार उघडा." उघडलं. "स्टिअरिंगचं नाही, दाराच्या चौकटीकडं बघा."

चौकटीवर पिवळी पट्टी असलेला छोटा कागद चिकटवलेला होता. सहा वर्षं मी ते दार उघडतोय, पण हा कागद कधी वाचला नव्हता. त्यावर एकच वाक्य: माणसं आणि सामान मिळून 1,580 पौंडांच्या वर जाता कामा नये. याला पेलोड म्हणतात. आणि ट्रेलरचा खुंटा जितका भार पाठीवर टाकतो, तो सगळा याच सामानात धरायचा.

रात्री स्वयंपाकघरात बसून हिशेब केला. ट्रेलर रिकामा असताना खुंट्याचा भार 1,450 पौंड. उरले 130. हिचचं वजन 130. म्हणजे माझा ट्रक तो ट्रेलर घेऊन जाऊ शकत होता, फक्त चालवायला आत कुणी बसायचं नव्हतं.

तेही ट्रेलर रिकामा असताना. रिकामा म्हणजे टाकीत पाणी नाही, सिलिंडरमध्ये गॅस नाही, मांडणीत कपबशी नाही. पाण्याचा एक गॅलन सव्वाआठ पौंडांच्या वर. टाकी साठ गॅलनची, ती भरली की पाचशे पौंड. भरलेल्या फिफ्थ व्हीलचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा भार खुंट्यावर येतो. या ट्रेलरची भरल्यावरची मर्यादा 9,950 पौंड. पाचवा हिस्सा धरला तरी दोन हजार झाले.

"आपलं सामान असं असून असून किती असणार?" ही म्हणाली. चूक माझीच. मी म्हटलं, "मोजू या."

न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर आला. वस्तू हातात घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. कुकर, इडलीपात्र, पोळपाट, दगडी खलबत्ता, दहा किलो आंबेमोहोर, मिक्सर, लोणच्याच्या तीन बरण्या, देव्हारा. खलबत्त्याने एकट्याने नऊ पौंड खाल्ले. मी म्हटलं, मिक्सर आहे ना? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी यादीतून मिक्सर खोडला. मग माणसांची वेळ आली. माझं लिहिलं, 198. तिने मला बाहेर पाठवलं. पाच मिनिटांनी आत आलो तर वहीत लिहिलेलं: "मी, कुकरसकट." पुढे आकडा होता. पण आधीच्या पानावरचं कुकरचं वजन तेवढं पेनाने गिरवून काळं केलेलं होतं.

रविवारी गावाकडं फोन झाला. आमचे तात्या ऐंशीच्या पुढचे. उभा जन्म कारखान्याला बैलगाडीने ऊस घातला. त्यांना करमणूक म्हणून हा गोंधळ सांगितला आणि कॅमेऱ्यावर ट्रक दाखवला.

"अकरा हजार पौंड ओढतो म्हणे, तात्या."

"ओढंल की. वढाय काय लागतंय? गाडी चाकावर चालती. मानंवर किती घेतो ते सांग."

"सातशे सतरा किलो."

"आन् धुर दाबती किती?"

"नऊशे तरी."

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बैल बदल, न्हाईतर गाडी बदल. आन् दोन्ही जमत नसंल तर घरात बस."

मंडळातल्या गृहस्थांना जे सांगायला अर्धा तास लागला, मला समजायला दोन रात्री लागल्या, ते तात्यांनी फोनवरून निकालात काढलं. ऊस मागं जास्त रचला तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त रचला तर मान दबून सोलवटते. ट्रेलरचंही तेच. नाक हलकं झालं की महामार्गावर तो शेपूट हलवायला लागतो, जड झालं की ट्रकचा मागचा आस बसतो. इथं त्यासाठी टक्केवारीची कोष्टकं आहेत. तात्या जू हाताने उचलून बघायचे आणि मागच्या मोळ्या पुढं टाकायला सांगायचे.

गाडी बदलायची नाही, हे शेकोटीपाशी ठरलेलंच होतं. म्हणून बैल बदलायला निघालो.

इथं ट्रकच्या जाती अर्धा टनी, पाऊण टनी, एक टनी. नावं जुन्या जमान्यातली, खऱ्या वजनाशी आता त्यांचा संबंध नाही. माझा अर्धा टनी पाऊण टनाहून जास्त घेत होता आणि तरी कमी पडत होता. निमकी-पाऊणकीचे पाढे पाठ असलेल्या पिढीला हे सहन होत नाही. पाऊण टनी डिझेल बघितला. अंगापिंडाने रेडा. दार उघडलं, कागद वाचला: 2,130. डिझेल इंजिन आणि त्याचा सगळा सरंजाम इतका जड की ट्रकचं बरंच बळ स्वतःलाच उचलण्यात जातं, आणि एकूण वजनाची मर्यादा मात्र 10,000 पौंडांवर अडलेली. एव्हाना मला सवय लागली होती. कुठल्याही ट्रकच्या विक्रेत्याने हात पुढं केला की मी हात न मिळवता दार उघडायचो.

शेवटी एक टनी मिळाला. कागदावर 3,940. हौदा आठ फुटी. आखूड हौद्याचा घेतला असता तर तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा ट्रकच्या मागच्या काचेत घुसण्याची धास्ती. ती टाळायला मागंपुढं सरकणारी हिच लागते, आणि ती आणखी जड. म्हणून लांब. ट्रक घरी आणला. लांबी 21 फुटांच्या वर, आमचं गॅरेज 20. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ही म्हण मी फुटपट्टी घेऊन मोजलेली आहे. वसाहतीच्या समितीचं पत्र चौथ्या दिवशी आलं.

जोडी जमली का, हे काट्यावरच कळतं. महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर कॅट नावाचे भले मोठे काटे असतात. त्यावर आधी जोडगोळी तोलायची, मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक. ट्रकच्या आसांवरच्या दोन्ही वेळच्या वजनांतला फरक म्हणजे खुंट्याचा भार. पुढंमागं अठरा चाकी धूड आणि मधे आम्ही, मागच्या सीटवर देव्हारा. खांबावरचं बटण दाबलं तर आतून बाईंचा आवाज आला, "ट्रक नंबर?" मी घाबरून घराचा पत्ता सांगितला.

"त्या कागदावर माझं वजन येणार का?" हिने दाराच्या मुठीवर हात ठेवून विचारलं.

"ट्रकमध्ये धरून येतं. साडेआठ हजार पौंडांत तू शोधून सापडणार नाहीस."

"असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं," ती म्हणाली आणि बसून राहिली.

खुंट्यावर 2,040. ट्रेलर सगळा मिळून 9,360. म्हणजे शेकडा बावीस. ट्रकच्या पाठीवर अजून हजाराच्या वर शिल्लक. मी तो कागद कॅमेऱ्यापुढं धरून तात्यांना दाखवला. त्यांना चष्म्याशिवाय दिसेना, मग वाचून दाखवला.

"उलाळ न्हाई न्हवं?"

"नाही, तात्या."

"आन् वंगण? दोन लोखंडं एकमेकांवर घासत्यात, तिथं काय लावतूस?"

हिचच्या पत्र्यावर खरंच ग्रीस थापावं लागतं. मी डबा उचलून दाखवला. तात्या खूश झाले. त्यांच्या गाडीला वंगणाचा नळा कायम टांगलेला असायचा, जत्रेलासुद्धा तो बरोबर जायचा.

फोन ठेवला तर ही कागद निरखत होती. "ट्रेलर 9,950 पर्यंत चालतो ना? मग 590 राहिले की."

"राहू देत. वेळप्रसंगी—"

ती ऐकायला थांबली नव्हती. घरी पोचल्यावर माळ्यावरून काहीतरी खाली ओढल्याचा आवाज आला, मग न्हाणीघरातून वजनकाटा सरकवल्याचा. पाटा-वरवंटा होता. ती काट्यावर उभी होती, पाटा पोटाशी धरून, आणि मला म्हणाली, "तो ग्रीसचा डबा आण इकडं. त्याचं वजन कुठं धरलंयस तू?"