नळाला पाणी आल्यावरची पहिली पाच मिनिटं

दिवाळीत पुण्याहून आत्या आली होती. फराळाला बसता बसता तिनं विचारलंच, "अगं, तुझ्या वर्गातली मुलं कॉम्प्युटरच्या नोकऱ्या घेतायत आणि तू पाण्यात कसलं संशोधन करणार? शुद्ध करायचं मशीन आता घरोघरी आहे की!" तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फेब्रुवारीत गेट ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा देणार आणि पुढे पर्यावरण अभियांत्रिकीच करणार. हे ठरलं दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात. वडोदऱ्यातल्या आमच्या गल्लीत रस्ता खणला होता आणि दीडेक महिन्यात चार घरांत कावीळ निघाली. त्यात माझा धाकटा भाऊ, दहावीतला. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि आई चमच्याचमच्यानं पेज भरवत होती. मी त्या खड्ड्यात वाकून पाहिलं. खाली पाण्याची लोखंडी नळी, गंजून पापुद्रे सुटलेली. तिच्या वीतभर वर ड्रेनेजचा पाइप, आणि त्याच्या सांध्यातून काळं पाणी थेंबथेंब नळीवरच पडत होतं.

तक्रार केली तर उत्तर मिळालं, शुद्धीकरण केंद्रावरचा रिपोर्ट चांगला आहे. तो चांगला असेलही! सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या आजवा सरोवराचं पाणी निमेट्याच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात येतं. मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींत तर नदीचं पाणी वाळूतून गाळूनच उतरतं. पण केंद्रावरचं पाणी आम्ही पीत नाही, नळाचं पितो.

आपल्याकडे पाणी ठरलेल्या वेळेपुरतं सुटतं. एरवी नळ्यांत दाब नसतो, आणि दाब गेला की भोवतीच्या मातीतलं घाण पाणी फटींतून आत शिरतं. त्यात आपण नळाला थेट मोटर लावून पाणी ओढतो, म्हणजे ती घाणही ओढतो. आमच्याकडेही मोटर होती, मी बाबांशी भांडून ती काढायला लावली. हुबळी-धारवाडच्या नळांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस तास पाणी असलेल्या भागात ई-कोलाय, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेला जिवाणू, सापडलेले नमुने १ टक्क्याहूनही कमी होते, ठरावीक वेळ पाणी येणाऱ्या भागात ३० टक्क्यांहून जास्त. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पाण्यातले जंतू मारायला घातलेला क्लोरीन तपासायचे थेंब मी घरी आणून ठेवलेत. नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन थेंब टाकले की लिंबाच्या सरबताइतका फिकट पिवळा रंग येतो. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यात तेच थेंब टाकले, तर काहीच नाही. मानकाप्रमाणे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, टाकीत ते संपलेलं होतं.

आणि आत्या, मशीन विकणारा जो पेन बुडवून आकडा दाखवतो ना, तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. काविळीचा विषाणू त्याला कळतच नाही. शिवाय घरगुती आरओ जितकं पाणी देतं, त्याहून जास्त बहुतेक वेळा मोरीत सोडतं. भावनगरच्या सीएसएमसीआरआय या सरकारी संशोधन संस्थेत मेम्ब्रेनवर, म्हणजे आरओतल्या गाळणाऱ्या पडद्यावर, मोठं काम झालंय. खाऱ्या आणि फ्लोराइडच्या पाण्याला असलं तंत्र लागतंच, त्याबद्दल मला आदरच आहे. पण गल्लीतल्या फुटक्या नळीवरचा उपाय प्रत्येकानं आपल्या ओट्याखाली का विकत घ्यायचा? ज्यांना परवडत नाही त्यांनी काय प्यायचं?

मला काम करायचंय ते याच शेवटच्या शंभर मीटरवर. दाब कुठे पडतो, क्लोरीन कुठे संपतो, नळी न खणता गळती कशी पकडायची. यात चकाचक काही नाही, आणि कॉलेजात यावर प्रोजेक्ट घ्यायला मुलं मिळत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वडोदऱ्यातल्या मंडळींना एक विनंती. तुमच्याकडे पहाटे पाणी येत असेल तर मला पहिल्या पाच मिनिटांतलं एक बाटलीभर पाणी हवंय, आणि अर्ध्या तासानंतरचं आणखी एक. दाब नसताना नळीत शिरलेली घाण पहिल्या पाण्यात किती येते, ते मला ताडून पाहायचंय. बाटल्या मी आणून देईन. भाऊ आता बरा आहे, स्कूटरवर मागे बसून तोच नोंदी घेणार आहे.