चावी वेगळी लिहा

परवा रविवारी मी माझंच ड्रिल मशीन सही करून आणलं. दुकानातून नव्हे. दुकानातून ते 2016 सालीच आणलं होतं, बोहरी आळीत अर्धा दिवस घालवून आणि 2850 रुपये रोख मोजून. परवाची सही ते उसनं नेण्यासाठी होती. मुदत संध्याकाळी सहा.

निमित्त फुटकळ होतं. हॉलच्या खिडकीला पडद्याचा रॉड लावायचा होता. दिवाळीपासून तो सोफ्यामागे उभा आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे बघून मग माझ्याकडे बघतो. "चार भोकांसाठी आता माणूस बोलवायचा का?" असं बायकोने विचारलं. आमच्याकडे हा प्रश्न नसतो, नोटीस असते.

मशीन कुठे असेल याचा अंदाज होता. 2019 मध्ये 201 वाल्यांनी आरसा लावायला म्हणून नेलं, "लगेच देतो" म्हणाले. (साखर मागायला येणारा निदान "उद्या देते" म्हणतो आणि ती उद्या येतेही. ड्रिल नेणाऱ्याचा 'लगेच' मात्र तीन-चार वर्षांचा असतो.) त्यांच्याकडून ते गणपतीच्या मांडवाला गेलं, मांडवातून तेव्हाच्या सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी मुलाकडे बंगळूरला राहायला गेले, तेव्हा त्यांनी 402 च्या काकांना सोसायटीचा चार्ज रीतसर दिला. फायली, शिक्के, टाकीच्या किल्ल्या, शिडी आणि माझं मशीन.

402 चे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खात्याचं नाव आता जलसंपदा आहे, पण काका पाटबंधाऱ्यातलेच. त्यांच्या लेखी वहीत नसलेली वस्तू जगात नसते. वहीत असलेली वस्तू जगात नसली तरी मात्र चालते.

"काका, ड्रिल हवं होतं," मी दारातूनच म्हटलं.

"या. बसा."

मी बसलो. तिथेच चुकलं. माणूस एकदा बसला की अर्जदार होतो. काकांनी लिहायचा चष्मा लावला, लांबुडकी वही काढली आणि पट्टीने एक रेघ मारली.

"कारण?"

"पडद्याचा रॉड."

"भोकं किती?"

"चार."

"किती एमएमची?"

"आठ."

"पडद्याला आठ कशाला? पडदा आहे की धरणाचा दरवाजा? सहा लिहितो." त्यांनी सहा लिहिलं. "भिंत कुठली?"

"हॉलची."

"तसं नाही हो. वीट, ब्लॉक, की आरसीसी?"

मी जरा विचार केला. "पिस्ता रंगाची आहे."

काकांनी पेन खाली ठेवलं. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, जणू काकूंना साक्षीला बोलवावं की नाही. मग अगदी मऊ आवाजात, डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "याआधी मशीन चालवलंय का कधी?"

"काका," मी म्हटलं, "ते मशीन माझं आहे."

"आपल्या सगळ्यांचंच आहे."

"तसं नाही. माझं म्हणजे माझं. मी विकत घेतलंय. पुढच्या लोखंडी भागावर नाव बघा माझं."

नाव होतंच. घेतल्या घेतल्या बायकोने ते भांड्यांच्या दुकानात नेऊन, वाटी-पेल्यावर घालतात तसं, टर्र आवाज करणाऱ्या सुईने घालून आणलं होतं. दुकानदाराने सवयीने नावाआधी 'चि.' घातलंय तेवढं सोडलं तर पुरावा पक्का.

काकांनी कपाटातून मशीन काढलं, उजेडात धरलं, नाव वाचलं आणि मान डोलावली. "आहे ना. मुद्दाम जपलंय मी. मागे एक पोरगा पॉलिश पेपरने घासायला निघाला होता, मी म्हटलं, थांब. देणगीदाराचं नाव कधी पुसायचं नसतं."

देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर नावं असतात ना, अमक्याच्या स्मरणार्थ म्हणून, आणि पंखा सुरू झाला की जी कुणालाच वाचता येत नाहीत? तसा मी. मला अजून कैलासवासी केलं नव्हतं एवढंच, चिरंजीवच होतो.

"मी दान केलेलं नाही," मी म्हटलं. आवाज बहुधा चढला असावा, कारण काकू पाणी घेऊन आल्या.

काका शांतपणे उठले आणि सभेचं मिनिट बुक घेऊन आले. 2022 ची वार्षिक सर्वसाधारण सभा. ठराव क्रमांक 7, सामाईक वस्तूंची यादी कायम करणे: शिडी एक, सतरंज्या दोन, माइक एक (बंद), मखर एक, ड्रिल मशीन एक. एकमताने मंजूर. सूचक 402. अनुमोदक 304.

304 मी.

मला ती सभा आठवली. सहाव्या विषयाला बटाटेवडे आले होते. पुडक्याचा कागद तेलाने पारदर्शक झाला होता आणि सातवा विषय संपल्याशिवाय पुडकं सोडायचं नाही असं ठरलं होतं. त्या यादीत माझी एक किडनी असती तरी माझा हात वर गेला असता.

मी सही केली. मशीन उचलून निघालो तर मागून आवाज आला, "थांबा. चावी वेगळी लिहा."

भोक पाडणारं बिट पकडून ठेवतो तो चक घट्ट करायची ती टी आकाराची दातेरी चावी ज्याने हरवली नाही, त्याने ड्रिल वापरलेलंच नाही. मूळ ती वायरीला रबरी पट्टीने बांधलेली असते. ती पट्टी पहिल्या वर्षी तुटते, मग इन्सुलेशन टेप, मग सुतळी आणि मग 'इथेच तर ठेवली होती'. काकांनी ती हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवली होती. डबीवर लेबल: 'ड्रि. चावी'. वहीत तिची स्वतंत्र ओळ. मी दुसरी सही केली. चावीला हिंगाचा वास अजून आहे.

सही करताना मी मागची पानं चाळली. 46 नोंदी. 'कारण' या रकान्यात देवाचे फोटो, एसी, बाळाचा झोका, रंग ढवळणे. एका ठिकाणी 'ताक' आणि पुढे कंसात 'लोणी आले'. मी स्वतः या मशीनने आजवर 11 भोकं पाडली आहेत, म्हणजे एक भोक 259 रुपयांना पडलं. बाकी सोसायटीला फुकट, वर लोणी.

आणि इथे मला खरोखर राग येतो, विनोद बाजूला ठेवून सांगतो. 2021 मध्ये मशीनचे कार्बन ब्रश झिजले. झिजतातच ते. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवायची तर त्यांना सारखं घासत राहावं लागतं. तेव्हा 201 वाले 180 रुपयांची पावती घेऊन माझ्या दारात आले होते. "तुमचं मशीन ना, म्हटलं तुम्हालाच विचारावं." मी पैसे दिले. म्हणजे बिघडलं तेव्हा ते माझं होतं, चालायला लागल्यावर सोसायटीचं झालं. चहा सोडा, "आभारी आहे" एवढंही कुणी म्हटलं नाही. 46 नोंदींना एक 'शेरा' रकाना आहे, त्यात एकाने 'बिट बोथट' अशी तक्रार तेवढी लिहून ठेवली आहे.

जुन्या सुभाषितात लेखणी आणि पुस्तक दुसऱ्याच्या हातात गेलं की गेलंच म्हटलंय. (तिसरीही एक गोष्ट त्यात आहे, पण ती इथे लिहिली तर रॉड माझ्या डोक्यात बसेल.) परत आलीच तर कुठल्या अवस्थेत येतात तेही पुढच्या ओळीत आहे. सुभाषितकाराकडे ड्रिल नव्हतं, पण शेजारी असणार.

आमच्या वडिलांचा यावर उपाय होता. त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात करवत, कानस, पटाशी, गिरमिट, दोन पाने, पक्कड, गुण्या, ओळंबा. कुणी काही मागायला आलं की ते म्हणत, "हत्यार एकटं जात नाही." आणि पायात चपला घालून हत्याराबरोबर स्वतः जात. काम करून देत, चहा घेत, हत्यार फडक्यात गुंडाळून परत आणत. आई म्हणायची, हा माणूस उसना मिळतो, पण घरातलं काही सांगितलं तर मिळत नाही. ती ट्रंक अजून माझ्याकडे आहे, तिच्यातली एकही वस्तू हरवलेली नाही. त्यातलं मी वापरतो ते फक्त पक्कड, तेही गॅसवरचं पातेलं उतरवायला, सांडशी सापडली नाही तर.

वडील भिंतीत खिळा ठोकत ते काम सकाळभर चाले. छिन्नीने चौकोनी खळगा पाडायचा, सागवानी गिट्टी तासायची, ती ठोकून बसवायची, कडेने सिमेंट भरायचं, वाळू द्यायचं आणि मग त्या लाकडात स्क्रू. आता गिट्टी म्हणजे प्लास्टिकची, पाकिटात मिळते. तिचा मूळपुरुष म्हणजे 1911 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्स नावाच्या कंत्राटदाराने केलेली गिट्टी. ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती न विद्रूप करता विजेचं सामान बसवायचं काम त्याच्याकडे होतं, त्याने तागाच्या धाग्यांची लहानशी नळी केली. त्याने ती कुणाला उसनी दिली असती तर आपण अजून सागवान तासत बसलो असतो.

असो. दोन ते चार सोसायटीत ड्रिलला बंदी, म्हणून चार वाजून एका मिनिटाने मी स्टुलावर चढलो. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा, ही ड्रिलची ठेवण ब्लॅक अँड डेकरने अमेरिकेत 1917 मध्ये पेटंट केली, आणि तेव्हापासून हिशेबखात्यातल्या माणसालाही स्टुलावर चढलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. मलाही वाटलं. साधारण दीड मिनिट.

बेल वाजली. 402 चे काका. पायात चपला, हातात टॉर्च.

"म्हटलं बघून यावं. मशीन एकटं पाठवायचं जिवावर येतं."

मला वडील आठवले आणि काकांचा जास्तच राग आला.

मी घोडा दाबला. घरभर घर्रर्र. भिंतीवरचा पिस्ता रंग तेवढा निघाला, खाली पांढरं, त्याखाली करडं, आणि तिथून पुढे बिट हलेना. मी अंगाचा भार टाकला. स्टूल सरकलं. बायकोने स्टूल धरलं. मी पुन्हा भार टाकला. पाच मिनिटं झाली, माझ्या चश्म्यावर पीठ बसलं, भिंतीवर अर्ध्या हरभऱ्याएवढा खड्डा. मी म्हटलं, "बिट बोथट आहे. वहीतसुद्धा लिहिलंय."

"बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड असतं, ते इतक्यात नाही झिजत," काका म्हणाले आणि टॉर्च मारला. खड्ड्यावर नव्हे, माझ्या हातावर. "रिव्हर्सला आहे ते."

मी बघितलं. बटण उलट्या बाजूला होतं. पाच मिनिटं मी भिंतीतून बिट बाहेर काढत होतो.

बायको खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

"आणि हॅमरची खूण आहे ना वर, तिकडे करा," काका म्हणाले. "खिडकीच्या वर लिंटेल असतं, आरसीसीचं. नुसतं फिरून काय होणार? पिस्ता वाटला का तो?"

बटण सरळ केलं, हॅमर लावला, बिट आत जायला लागलं, आणि इंचभर आत गेल्यावर किंचाळलं.

"सळई," काका म्हणाले. "अर्धा इंच वर घ्या."

वर घेतलं. गेलं. चारही भोकं गेली. प्रत्येक वेळी काका "बास" म्हणायचे तेव्हा ते बरोबर तेवढंच खोल असायचं, आणि हीच गोष्ट मला दोन दिवस झाले तरी गिळता येत नाहीये. माणूस अडाणी असता तर मी त्याला सहज माफ केलं असतं. शिवाय गिट्ट्या सहा एमएमच्याच बसल्या. माझ्या आठच्या ढिल्या झाल्या असत्या, असं त्यांनी बायकोला सांगितलं, मला नाही. तिने त्यांना पोहे दिले. मला बाकीचे.

रॉड लागला. पडदे लागले. साडेपाचला इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, "साहेब, चारशे दोनवाले काका विचारतायत, मशीन झालं का? पाचशे तीनवाल्यांना टांगायचंय कायतरी." मी म्हटलं, सहा वाजायला अर्धा तास आहे. वॉचमन म्हणाला, "ते म्हणाले, साहेब असंच म्हणतील."

सहाला दोन मिनिटं कमी असताना मी मशीन पुसून, वायर गुंडाळून वर नेऊन दिलं. काकांनी नाव वाचलं, बिट मोजले, 'परत' रकान्यात टिक केली. मी सही केली. चावीचं त्यांना आठवायच्या आत जिना उतरलो. ती माझ्या खिशातच होती. आता वडिलांच्या ट्रंकेत आहे, पटाशीशेजारी.

503 मध्ये अजून काही टांगलं गेलेलं नाही. आज सकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर काकांच्या हस्ताक्षरातली सूचना लागली आहे:

'एका सभासदाकडून सोसायटीच्या ड्रिलची चावी परत आलेली नाही. सभासदाचे नाव जाहीर करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. (304)'