सोडायचा मासा पाण्याबाहेर काढू नका

आमच्या शिरपूर-दोंडाईचा पट्ट्यातल्या गळवाल्या मंडळींत सध्या एका नियमावरून चांगलंच पेटलंय. नियम दोन ओळींचा आहे. जो मासा परत सोडायचा आहे तो पाण्यातून पूर्ण उचलायचा नाही. आणि काठावर, दगडावर किंवा गाडीच्या बॉनेटवर ठेवून काढलेला फोटो आपल्या मंडळींच्या नावाने कुठेही टाकायचा नाही. एवढ्यावरून जुनी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत, म्हणून मी माझं म्हणणं सविस्तर लिहितोय. मी या नियमाच्या बाजूने आहे आणि तो आजपासून लागू व्हावा असं मला वाटतं.

विरोध करणाऱ्यांचं आधी ऐकू. ती वाईट माणसं नाहीत. त्यातले एक जिभाऊ मला मी शाळेत होतो तेव्हापासून ओळखतात, आणि तापीचा तळ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नसेल. ते म्हणाले, "आरे भो, फोटूच नही काढा ते कोन मानी?" दिवसभर उन्हात बसायचं, कधीतरी एखादा मोठा मासा लागायचा आणि तोही हातात धरून दाखवायचा नाही, हे त्यांना पटत नाही. दुसरे म्हणतात, जाळ्यात रोज पाट्याच्या पाट्या भरून मासा निघतो, बाजारात जातो, त्याला कुणी काही विचारत नाही, मग आम्ही एक मासा दोन मिनिटं हातात धरला तर काय बिघडलं? आणि तिसरं, सगळ्यात जास्त ऐकू येणारं: सोडल्यावर तो मस्त पोहत जातो की, आम्ही आमच्या डोळ्यांनी बघतो.

या तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. मासा पोहत गेला म्हणजे वाचला, हा आपला समज आहे. गळाला लागलेला मासा जीव तोडून ओढतो. त्याच्या स्नायूंत आम्ल साठतं, रक्तातला प्राणवायू खाली जातो. त्याला प्राणवायूची सगळ्यात जास्त गरज असते नेमक्या त्याच क्षणी आपण त्याला बाहेर काढतो. कल्ल्यांच्या आतल्या लाल पाकळ्या पाण्यात एकेक सुट्या तरंगतात. हवेत आल्या की त्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास जवळपास बंद पडतो. तोरणमाळचा घाट धावत चढून आलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबायचं आणि वर त्याला म्हणायचं, जरा इकडे बघ, फोटो नीट आला नाही.

हे कुणाच्या तरी हळव्या मनाला वाटतं म्हणून मी सांगत नाही. 1992 साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी रेनबो ट्राउट या माशावर हे मोजून पाहिलं. ज्या माशांना थकेपर्यंत पळवलं पण पाण्यातच ठेवलं, त्यातले 12 टक्के मेले. थकवून वर 30 सेकंद हवेत धरले, त्यातले 38 टक्के. आणि 60 सेकंद धरले, त्यातले 72 टक्के. हे मासे हातात मेले नाहीत, परत पाण्यात गेल्यावर पुढच्या काही तासांत मेले. म्हणजे आपण फोटो टाकून घरी जेवायला बसलेलो असतो तेव्हा.

यावर आमच्यातला एक हुशार मुलगा म्हणाला, काका, ट्राउट थंड पाण्यातला, आपला मासा चिवट. मुद्दा रास्त आहे. ते आकडे जसेच्या तसे तापीला लागू होणार नाहीत, आणि मरळ तर वर येऊन हवेतूनही श्वास घेते. पण आपल्या पाण्याचंही बघा. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 30 अंशाला तो साडेसातवर येतो. एप्रिल-मे महिन्यात पारा 44-45 वर असताना सारंगखेड्याच्या किंवा सुलवाड्याच्या बॅरेजच्या कडेचं उथळ पाणी हाताला कोमट लागतं. तिथे मासा आधीच ओढाताणीत जगत असतो. चिवट असला तरी त्याला उभारी धरायला जे लागतं, तेच त्या पाण्यात कमी आहे. मी तर म्हणेन, मे महिन्यात सोडण्यासाठी मासा पकडूच नये. पण ते या नियमात नाही, ते माझं मत.

आता त्या बुळबुळीत थराबद्दल, कारण याकडे कुणाचं लक्षच जात नाही. मासा हाताळल्यावर तळव्याला जो चिकट पापुद्रा लागतो, जो आपण पँटला पुसतो, ती त्याची कातडी राखणारी पहिली भिंत असते. बुरशी, जिवाणू, परजीवी हे सगळं तो थर अडवतो. कोरड्या हाताने घट्ट धरलं की बोटांचे ठसे जसेच्या तसे त्या थरात उमटतात. तापलेल्या काळ्या दगडावर ठेवलं की थर दगडाला चिकटून निघतो. नायलॉनच्या गाठीच्या जाळीत तडफडला की खवलेही निघतात आणि परांच्या कडा फाटतात. मग काही दिवसांनी त्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी धरते. असे मासे कडेला मंद फिरताना आपण सगळ्यांनी पाहिलेत आणि "पाणी खराब झालंय" म्हणून पुढे गेलोत. पाणी खराब आहे, हेही खरंच. पण प्रत्येक पांढरा डाग पाण्याने दिलेला नसतो.

जाळ्याचा मुद्दा. भोई बांधव, कोळी बांधव, नर्मदाकाठचे भिल्ल आणि पावरा बांधव मासा धरतात तो पोटासाठी. "आम्ही सोडतो" असं ते म्हणत नाहीत, सोडण्याचा मोठेपणाही मिरवत नाहीत. हा नियम त्यांच्यासाठी नाहीच आणि आपण तो त्यांना ऐकवायला जाण्याचा आगाऊपणा कुणी करू नये. धरणात सोसायटीने बीज सोडून वाढवलेला कटला, रोहू, मृगळ हा खाण्यासाठीच आहे. आपल्यापैकी ज्याला मासा खायचा आहे त्यानेही खुशाल खावा, फक्त तिथला नियम आणि परवानगी पाळावी आणि मासा लगेच मारावा. पिशवीत तासभर तडफडत ठेवू नये. डोक्यावर एक नीट घाव घातला की संपलं. माझ्या लेखी मासा धरणाऱ्याला दोनच रस्ते आहेत, खा किंवा सोड. मधला तिसरा रस्ता, म्हणजे अर्धमेला करायचा, फोटो काढायचा, मग "जाऊ दे बिचाऱ्याला" म्हणून पाण्यात टाकायचा आणि खाली दयाळूपणाबद्दल लाइक घ्यायचे, तो मला मान्य नाही. तो मासा ना कुणाच्या ताटात गेला, ना नदीत राहिला.

आणि हा नियम आपण हवेतून काढलेला नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सॅमन किंवा स्टीलहेड जातीचा जो रानटी मासा ठेवायला परवानगी नाही, तो गोड्या पाण्यात गळवाल्याने पूर्ण बाहेर काढणं हाच गुन्हा आहे. फ्लोरिडात टार्पन हा समुद्री मासा 40 इंचांपेक्षा मोठा असला तर पाण्यातच ठेवावा लागतो, अपवाद फक्त विक्रमासाठी आगाऊ परवाना घेतलेल्याचा. हौस गेली, आठवण गेली, पोलीस काय फोटो तपासणार का, असं तिथेही कुणाला वाटलं असेल. पण गुडघाभर पाण्यात उतरूनही फोटो काढता येतोच.

तसाच फोटो आपणही काढू शकतो, आणि खरं सांगायचं तर तो जास्त चांगला दिसतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवा. दोरी ढिली पडू दिली नाही तर मासा सुटत नाही, आणि काढताना गळ एका झटक्यात निघतो. मासा कडेला आला की तुम्ही पाण्यात उतरा, त्याला वर ओढू नका. हात कोपरापर्यंत ओले करा. एक हात शेपटीच्या बारीक जागी, दुसरा पोटाखाली, पुढच्या परांच्या जरा मागे. दाबायचं नाही, नुसता आधार द्यायचा. कल्ल्यात बोट घालायचं नाही, कुठल्याही कारणाने नाही. मासा अर्धा पाण्यात, कल्ले पाण्यातच, फक्त पाठ आणि डोक्याचा वरचा भाग वर, अंगावरून पाणी ओघळतंय, असा फोटो सोबतीने काढायचा, आणि सोबत्याचा मोबाइल आधीपासून सुरू असला पाहिजे. खिशातून काढणं, लॉक उघडणं, "थांब, लेन्स पुसतो" या सगळ्यात मासा मरतो.

वजनाचा हट्ट असेल तर जबड्याला काटा लावून उभा टांगू नका. मोठ्या माशाचं अंग पाण्याने तोलून धरलेलं असतं. उभा टांगला की सगळा भार जबड्यावर आणि मणक्यावर येतो. त्यापेक्षा पाण्यातच टेप लावा. लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले 800. मापं इंचात, उत्तर पौंडात. 30 इंच लांब आणि 16 इंच घेर असेल तर 9.6 पौंड, म्हणजे साधारण 4 किलो 350 ग्रॅम. अंदाजच आहे, पण बढाई मारायला पुरेसा आहे.

मी फोटोच्या विरोधात नाही, हे पुन्हा सांगतो. उलट गळवाल्यांच्या नोंदींचं मोल फार मोठं आहे. कावेरीच्या काबिनी या उपनदीत 1946 साली 120 पौंडांचा महाशीर गळाला लागल्याची नोंद आहे. त्या कुबडवाल्या महाशीरला गळवाले शंभराहून जास्त वर्षं ओळखत होते, पण शास्त्रात त्याचं नेमकं नाव ठरलं 2018 साली, टॉर रेमादेवी. तोपर्यंत तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आला होता. तो घटतोय आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महाशीर वाढतोय, हे कळलं ते कावेरीकाठच्या गळाच्या कॅम्पातल्या जुन्या वह्यांवरून. आपल्या तापी-नर्मदेचा महाशीर, टॉर टॉर, मध्य प्रदेशाने 2011 साली राज्यमासा केला. सातपुडा ओलांडला की त्याला मान आहे, आणि अलीकडे आपण त्याची साधी वहीसुद्धा ठेवलेली नाही. शिवडा, ज्याला शास्त्रात वॅलागो अट्टू म्हणतात, तोही आज आंतरराष्ट्रीय यादीत धोक्यातल्या माशांत आहे. किती जणांना ठाऊक आहे? पाण्यातच एका बाजूने काढलेला स्वच्छ फोटो, तारीख, लांबी, पाण्याची पातळी, एवढं लिहून ठेवलं तर उद्या कुणा अभ्यासकाला त्याचा उपयोग होईल. दोन्ही हात लांब करून कॅमेऱ्यासमोर धरलेल्या माशाचा तो होत नाही, कारण त्यात मासा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

नियमात मला दोन भर घालायच्या आहेत.

पहिली, सगळेच मासे सोडायचे नाहीत. तिलापिया आणि आफ्रिकन मांगूर गळाला लागले तर ते नदीत परत जाता कामा नयेत. या मांगूरच्या पालनावर देशात 2000 सालापासून बंदी आहे, तरी तो तळ्यांतून निसटून आपल्या नाल्यांत पोचलाच. तो सोडून देणं ही दया होत नाही, त्याने आपल्या माशांचीच पिल्लं संपतात.

दुसरी, जागा. फोटोत पुलाचा खांब, मंदिराचा घाट किंवा पंपहाऊस दिसला की जाणकाराला डोह लगेच कळतो. मग तिथे फक्त गळवाले येत नाहीत, जिलेटिनच्या कांड्या आणि करंटच्या तारा घेऊनही लोक येतात. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला या देशात 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, पण रात्री डोहावर कायदा उभा नसतो. म्हणून मागे आभाळ आणि पाणी दिसेल असाच फोटो, आणि गावाचं नाव नाही. अनेर धरणाच्या अभयारण्यात तर गळ टाकायचाच नाही, मग सोडणार असा की खाणार असा. तिथला फोटो कुणी टाकला तर तो माणूस आपल्या मंडळींत राहू नये, इतकं कडक मी बोलतो.

पावसाळ्याचंही ठरवायला हवं. पहिल्या पुरात चढणीला लागलेली, पोट फुगलेली मादी हातात धरून दाबली की अंडी गळतात. तसा व्हिडिओ मी यंदाही पाहिला, खाली हसण्याच्या खुणा होत्या. आषाढ-श्रावणात गळ घरीच ठेवावा, असं माझं म्हणणं आहे, पण यावर मंडळींत एकमत नाही आणि मी ते आज रेटत नाही.

येत्या रविवारी सकाळी सावळद्याच्या पुलाजवळ आपण बसतोय. जिभाऊंनाही मी बोलावलंय, आणि ते येणार आहेत. पहिला नियम, मांगूर-तिलापियाची अट आणि जागा न दाखवण्याची अट, या तिन्हींवर हात वर करून मत घेऊ. येताना पक्कड, मोजायची टेप आणि गाठी नसलेली रबरी जाळी असेल तर घेऊन या, नवीन पोरांना काटा कसा दाबायचा ते तिथेच दाखवू. ज्यांना नियम मान्य नाही त्यांनी तर नक्की या. इथे खालीही लिहा, फक्त जुने काठावरचे फोटो शोधून एकमेकांच्या तोंडावर मारू नका.